कंट्रोल-आर आणि माझी घाई

अमेरिकेत एमएस करताना लिनक्स या संगणकप्रणालीशी माझी पहिली गाठ पडली. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, टाइप केलेली जुनी कमांड पुन्हा हवी असली, की मी वरच्या बाणाची कळ दाबत बसायचो. दर वेळी एक कमांड मागे. हवी ती दिसेपर्यंत धडाधड दाबत राहायचं.

लॅबमध्ये शेजारी नागपूरचा एक सीनियर बसायचा. एका दुपारी त्याला ती टकटक असह्य झाली.

"काहून बाण झिजवतोस बे? कंट्रोल-आर दाब, कमांडमधला एखादा शब्द टाक. पुन्हा दाबलं की आणखी मागची मिळेल."

मला हवी होती उरलेला शेवटचा आलेख काढायची कमांड. दोन वाजता प्रोफेसरांना आलेख दाखवायचे होते आणि पुढच्या सेमिस्टरला ते मला लॅबमध्ये ठेवणार की नाही, हे त्यावरच ठरणार होतं. मी 'रिझल्ट्स' शब्द टाकला. कमांड लगेच आली असणार, पण माझी बोटं बाणाच्या सवयीची. धडाधड कंट्रोल-आर आणि त्याच लयीत एंटर.

हवी ती कमांड येऊन कधीच निघून गेली होती. चालली ती त्याच्याही आधीची: सरावाचे आलेख फेकून देण्यासाठी मी पूर्वी वापरलेली, अख्खा रिझल्ट्स फोल्डर डिलीट करणारी. या वेळी त्यात खरे आलेख होते.

सीनियरने माझं तोंड पाहूनच खुर्ची जवळ ओढली.

"मूळ डेटा?"

"तो दुसऱ्या फोल्डरमध्ये आहे."

"मग मेला नाहीस. आलेख कसे काढले ते आठवतं?"

"नाही."

"तुला नाही, पण या टर्मिनलला आठवतं. आता तू फक्त शब्द सांग. एंटर मी दाबीन."

मी शब्द सांगत गेलो, तो एकेक जुनी कमांड शोधून, नीट वाचून चालवत गेला. एकेक आलेख परत आला. मध्येच अक्षांवरची गायब नावं बघून त्याने मला बोलून घेतलं आणि तीही घालायला लावली. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेली त्याची खिचडी तिथेच गार झाली.

प्रोफेसरांनी आलेख उलटसुलट पाहिले, पुढच्या सेमिस्टरचं काम सांगितलं आणि वर म्हणाले, की या वेळी मांडणी फार नीटनेटकी आहे.

मी बाहेर येऊन सीनियरला हे सांगितलं. आभार मानायला तोंड उघडलं, तर त्याने खिचडीचा डबा माझ्या हातात दिला.

"आधी ही पुन्हा गरम करून आण. बटण वाचून दाब."