हिरव्या बांबूची चिता

जमादार मानसिंगराव ब्रह्मदेशातल्या आराकानच्या जंगलातून लंगडत ग्वाल्हेरला परतले, तेव्हा पाटणकर बाजारात त्यांना हार घालायला झुंबड उडाली. अवघ्या बावीस शिपायांनिशी त्यांनी दोनशे जपान्यांपासून एक टेकडी तीन दिवस राखली होती. मांडीत गोळी घेऊन ते खंदकाखंदकांतून सरपटत, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत. त्या हाताच्या जोरावर पोरं लढली. मदत पोचली तेव्हा अकरा उरली होती. आता दरबारात पदक मिळायचं होतं. लढाईचेही डोंगर दुरूनच साजरे असतात.

मानसिंगरावांचा जीव मात्र पहिल्या सकाळीच अडकून पडला होता. टेकडीवर कुणी आहे याचा तेव्हा शत्रूला पत्ताही नव्हता. त्या सकाळी त्यांच्यातला एक शिपाई, विश्वास, तापाने गेला. ग्वाल्हेरच्या म्हाताऱ्या मुकुंदरावांचा तो एकुलता एक मुलगा. निघताना म्हाताऱ्याने हात धरून विनवलं होतं, पोराचं बरंवाईट झालं तर मातीत पुरू नका, अग्नी द्या. जमादारांनी शब्द दिला होता. धुकं दाट होतं, धूर दिसणार नाही, म्हणून त्यांनी चिता रचली. हाताशी होता तो हिरवा बांबू. आगीत तो बंदुकीसारखा फुटतो, हे ग्वाल्हेरच्या माळावर वाढलेल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? तासाभरात टेकडीला वेढा पडला. पुढचे दहा मेले, ते तसेच चिखलात राहिले.

इकडे मुकुंदराव जयेंद्रगंज मोहल्ल्यात भेटेल त्याला सांगत होते, माझ्या पोराला जमादारांनी अग्नी दिला. ऐकून ऐकून मानसिंगरावांना ते असह्य झालं. अखेर ते मुकुंदरावांच्या शेजारच्याच घरात, कान्होजीच्या विधवेकडे, अनसूयेकडे गेले. कान्होजी त्या दहांतला.

"वहिनी, विश्वासची चिता मी पेटवली नसती, तर कान्होजी आज घरी असता."

तिने शिव्या द्याव्यात, दार लावून घ्यावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"मुकुंदकाकांना हे बिलकुल सांगू नका," ती म्हणाली. "तेवढ्यावरच ते जगताहेत. मला पण नव्हतं सांगायचं, भाऊजी. आता मी त्यांच्याकडे कशी बघू?"

दुसऱ्या दिवशी दरबारात पदक लागलं. मुकुंदराव मुद्दाम आले होते. त्यांनी सगळ्यांदेखत जमादारांचे पाय धरले, आणि मानसिंगरावांना ते धरू द्यावे लागले.