सान जोव्हान्नीचा गुच्छ

पान्फिलाने उभ्या आयुष्यात कुणावर विश्वास ठेवला नाही आणि त्याचा तिला अभिमानच होता. गहू ती गिरणीपाशी ठाण मांडून दळून घ्यायची. प्रार्थनेलाही तिचा एक डोळा उघडा असायचा. नवरा हिवाळाभर मेंढरांमागे दक्षिणेला जायचा आणि परतला की बिचाऱ्याची उलटतपासणी व्हायची. पुढे तो वारला. मूलबाळ नव्हतंच, सोबतीला संशय तेवढा उरला.

सान जोव्हान्नीच्या सणाला सकाळीच शेजारच्या बेरार्दिनाची लहानगी पोर ज्येम्मा फुलांचा गुच्छ दारात ठेवून पळाली, तेव्हा पान्फिलाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. या दिवशी गुच्छ पाठवायचा म्हणजे 'माझी कोमारे हो' असं मागणं घालायचं. पाच दिवसांनी, सान पिएत्रोच्या सणाला, उलट आपला गुच्छ तिकडे गेला, की नातं जन्माचं, सख्ख्या बहिणीसारखं. मग कोमारेविरुद्ध ब्र काढायचा नाही, तिच्यावर आळ घ्यायचा नाही.

ही बेरार्दिना माझं तोंड बांधायला निघालीय, असं पान्फिलाने ठरवूनच टाकलं. तिने कोंबड्या मोजल्या, सगळ्या होत्या. केशराच्या वाफ्याचा बांध पाहिला, दगड जागच्या जागी होते. त्यामुळे तर संशय फारच बळावला.

नुन्झिओ न्हावी परदेशांत राबून आलेला. कोमारे म्हणजे नेमकं काय, असं तिने त्याला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, फ्रान्समध्ये हाच शब्द चहाडखोर बाईला लावतात आणि स्पॅनिश लोक सुईणीलाही तेच म्हणतात. पान्फिलाने चहाडखोर तेवढं उचललं. म्हणजे बेरार्दिनाला घरातल्या गोष्टी काढून घ्यायच्या होत्या तर!

खात्री करायला ती पाद्रीबाबांकडे गेली. ते म्हणाले, मूळ लॅटिनमध्ये अर्थ साधा आहे, सोबतीची आई. मुलाला आईच्या जोडीने सांभाळणारी. बायका जमल्या की बाळंतपणं होतात आणि चहाड्याही, म्हणून बाकीचे अर्थ मागाहून चिकटले.

परतताना पान्फिलाने मनात हिशेब मांडला. बेरार्दिनाचा नवरा बेल्जियमच्या खाणीत गेला होता, तो तिथेच गाडला गेला. पोरीला आईच तेवढी. मग जोडीला दुसरी आई कशाला हवी? ती तडक बेरार्दिनाच्या चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

"काय लपवतेयस?"

बेरार्दिनाला आधी खोकल्याची उबळ आली. "छाती गेलीय, काकू. डॉक्टर म्हणतो, हिवाळा निघायचा नाही."

"मग मीच का? गावात माझ्याहून गोड बायका आहेत."

"गोड बायकांना कुणीही गुंडाळतं. तुम्हाला आजवर कुणी फसवलंय? माझ्या पोरीला कुणी फसवू नये, एवढंच बघते मी."

पान्फिलाला एकदम भरून आलं. इतका विश्वास तिच्यावर कुणी टाकला नव्हता, आणि तिला तो कुठे ठेवावा कळेना. ती तशीच निघून गेली.

सान पिएत्रोच्या सकाळी ती तुळशीचा नि गुलाबाचा गुच्छ घेऊन आली. तो तिने बेरार्दिनाच्या मांडीवर ठेवला आणि ज्येम्माचा हात घट्ट धरला.

"कोमारे," ती म्हणाली, "त्या डॉक्टरचं नाव सांग. माझा त्याच्यावर विश्वास नाही."