शुद्धीवर आल्यानंतर

त्या दुपारी आमच्या गावाहून, कापड्याहून, मला महाडला दोन फोन आले. पहिल्यावर माझा धाकटा भाऊ विलास स्वतः बोलला. दुसऱ्यावर त्याची बायको मंदा होती, आणि तिला बोलताच येत नव्हतं… त्याला आता दीड महिना झाला.

विलास मुंबईत टेम्पो चालवायचा. तिथंच ब्राउन शुगरची सवय लागली. दोन वर्षांपूर्वी उपचार घेऊन गावी आला, भातशेतीला लागला. नांगरणीचा टिलर बंद पडला की त्याच्याशी भांडायचा, आणि बांधावर मंदा हसत बसायची. उपचार केंद्रातल्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना एक इंजेक्शन शिकवलं होतं. नशेनं श्वास थांबायला लागला तर मांडीत द्यायचं. काचेच्या बारक्या बाटल्या खोक्यातच, उन्हापासून आणि चुलीच्या धगीपासून लांब ठेवायच्या. "शुद्धीवर आला तरी हॉस्पिटलला न्यायचाच," ते म्हणाले होते. "इंजेक्शनचा असर तासाभरात उतरतो, नशा अंगात राहते. श्वास परत थांबू शकतो." मंदानं खोकं कपाटात साड्यांमागे ठेवलं.

त्या दिवशी त्यानं पुन्हा घेतली. कुठून आणली, अजून कळलं नाही. इतक्या दिवसांनी जुनं माप शरीराला झेपलं नाही. मंदाला तो पडवीत सापडला, ओठ निळे पडलेले. तिनं बाटली फोडली, सुई दिली, अगदी बरोबर दिली. काही मिनिटांत त्यानं डोळे उघडले, ओकला, तिच्यावरच चिडला. मी त्याला समजावेन म्हणून तिनं मला फोन लावून त्याच्या हातात दिला.

"ताई, मी बरा हाय गो. दवाखान्याची गाडी बोलवू नको. गावात पुन्हा तमाशा नको."

त्याचा आवाज ऐकून मला रडूच आलं. "बरं, पड जरा. मी निघते," एवढंच म्हणाले. डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं. ते मी बोलले नाही.

मंदानं त्याच्या अंगावर चादर घातली. झोप मोडू नये म्हणून भांडंही वाजू दिलं नाही. दुसरी बाटली खोक्यात तशीच होती. मी पोलादपूरला उतरून रिक्षा शोधत होते, तेव्हा तिचा फोन आला… झोपेतच त्याचा श्वास पुन्हा थांबला आणि तो गेला.

लोक म्हणतात, तुम्ही दोघींनी पुष्कळ केलं. मंदानं केलं. मी नाही.

परवा कापड्याला गेले होते. जेवणानंतर विलासची सहा वर्षांची मुलगी झोपली. मंदा हातातलं काम टाकून आली आणि तिला हलवून उठवलं. थोड्या वेळानं पुन्हा आली. तिसऱ्यांदा पोर रडायला लागली.

"आई, झोपू दे ना."

"झोप," मंदा म्हणाली, आणि तिच्या छातीवर हात ठेवून तिथंच बसली. पोर उठेपर्यंत तिनं तो हात काढला नाही.