गार कपाटाची झिणझिण

सुगंधाबाईला विंचवाचं भय नव्हतं, सापाचंही नव्हतं. भय होतं ते एका विजेचं. रावेरच्या मळ्यात तिचा भाऊ निंबा ओल्या पायांनी विहिरीवरची मोटार लावायला गेला, तो तिथंच चिकटला. त्याच्या आदल्या दिवशी तो हसत म्हणाला होता, "या मोटारीला हात लावला की मुंग्या येतात, अक्का." तेव्हापासून घरातला दिवाही ती दुसऱ्याला लावायला सांगे. लोक हसत. हसोत बापडे.

केळीचं साल बरं गेलं, तसा तिच्या लेकानं, चुडामणनं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर जळगावहून फ्रीज आणला. भुशातला बर्फ गोणपाटात गुंडाळून आणायचे दिवस सरले. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला, कुंदाबाईला, आणि तिच्या छोटीला आता घरच्या बर्फाचा आमरस!

वायरमन मगन आला. फ्रीजच्या वायरीत तारा तीन, भिंतीत भोकं दोनच. "ही तिसरी कामाची नाही," म्हणत त्यानं ती कापली. पंगतीत जागा नाही म्हणून पाहुण्याला दारातूनच वाटेला लावावं, तशी.

फ्रीजचं दार उघडताना सगळ्यांच्या बोटांना झिणझिण व्हायची. चुडामण म्हणे, "बर्फाचं कपाट ते, थंडी चावणारच." घरात याआधी असलं गार काही कोणी शिवलं होतं का? सगळ्यांना पटलं. सुगंधाबाई त्या कपाटाच्या जवळच जात नव्हती.

आखाजीच्या सकाळी स्वयंपाकघर धुऊन काढलेलं होतं. अनवाणी कुंदाबाईनं रसासाठी बर्फ काढायला फ्रीजच्या दाराला हात घातला नि झटक्यानं मागे घेतला.

"अगं माय! आज लईच चावली थंडी."

"चावली म्हंजे कशी व?" सुगंधाबाईनं चुलीपासून विचारलं.

"मुंग्या आल्यावानी."

सुगंधाबाईच्या हातातलं उलथणं गळून पडलं. "ते कपाट बाहेरून गार हाये का?"

कुंदाबाई थबकली. "नाही व माय, बाहेरून तर कोमट लागते."

थंडी आत, मग बाहेरून चावतंय ते कोण? तेवढ्यात छोटी "बर्फ, बर्फ" करत ओल्या पायांनी धावली. सुगंधाबाईनं तिचा झगा धरून तिला मागे खेचलं. पोर भोकाड पसरून रडली.

"कुंदे, पोरीले घेऊन अंगणात जाय. कोणी हात लावू नका!"

चुडामण मळ्यात होता. दाराजवळच्या मेन स्विचला ती आजवर कधी शिवली नव्हती. आता कोण शिवणार? तिनं कोरडा पाट ओढला, त्यावर चढली, लाटणं उचललं, डोळे मिटले आणि निंबाचं नाव घेत लाटण्यानं दांडी खाली पाडली. पंखा थांबला. घर एकदम मुकं झालं.

"माय, काहून बंद केलं?" चुडामण घरी येताच ओरडला. "रसाले बर्फ नको?"

"रस कोमट खाय. मामाच्या मुंग्या विसरला का तू?"

चुडामणचं तोंड उतरलं. मगनला बोलावलं. त्यानं सगळ्यांना लांब उभं केलं, स्विच वर केला आणि टेस्टर फ्रीजच्या दाराला टेकवला. टेस्टरमधला दिवा लाल पेटला. स्विच पाडून त्यानं पहार मागितली. अंगणात खड्डा खणून तांब्याचा पत्रा पुरला, वर कोळसा नि मीठ घातलं आणि तिसरी तार तिथवर नेली. भिंतीत तीन भोकांचा प्लग बसला. जाताना म्हणाला, "काकू, फ्रीजमधून गळणारी वीज आता इथून जमिनीत जाईल. ही जागा कोरडी पडू देऊ नका."

तेव्हापासून सुगंधाबाई रोज तुळशीला एक तांब्या घाली आणि त्या खड्ड्यावर दुसरा.

शेजारणीनं एकदा विचारलंच, "अक्का, इथं कोणता देव बसवला व?"

"जमिनीत निजलेला बरा, असा," म्हणत तिनं तांब्या उपडा केला.