काशम्माची करंगळी

काशम्मा रोज सकाळी उंबऱ्यात बसून स्वतःच्या पायांशी कन्नडात बोलते, म्हातारीला लागीर झालंय, अशी आवई कुंभार वेशीत उठली होती. लागीर-बिगीर काही नव्हतं. ती बोटं मोजायची. डोळे मिटून, समईची कोरी कापसाची वात एकेका बोटाला टेकवत, "ओंदु, एरडु, मूरु..."

साखरेमुळं पाय बधिर व्हायला लागले होते. पुण्याहून लेकानं, शिवकुमारनं, फोनवर एकेक शब्द चावून सांगितलं होतं, "आई, प्रॅक्टिकल हो. पायाला कळेनासं झालं की घराला कुलूप, आणि इकडं यायचं." तिकडं अकराव्या मजल्यावर ती एकदा महिनाभर राहून आली होती. दिवसभरात तिच्याशी बोलायची ती लिफ्टमधली बाई : "कृपया दरवाजा बंद कीजिए."

डॉक्टर श्रीदेवीबाईंनी तिला नस समजावली. कमरेपासून अंगठ्यापर्यंत एकच लांबलचक पेशी. तिचं मूळ घर कण्याजवळ, पण शक्ती पुरवणारी बारकी यंत्रं, मायटोकॉन्ड्रिया, पार बोटांपर्यंत पसरलेली. बिघडलेलं यंत्र हेरून काढायला एक राखणदार प्रथिन लागतं.

"पण ते लई नाशवंत, काशम्मा. घरून निघालं तर वाटेतच संपतं."

"मग वो?"

"यंत्राच्या पाठीवर बसून ते बनवायची कृती जाते. ताजं प्रथिन तिथल्या तिथं बनतं."

"म्हंजे मऊ भाकरी धाडायची न्हाय, रीत धाडायची," काशम्मा म्हणाली. कडक भाकऱ्या विकण्यात तिचा जन्म गेला होता. मग पुढं म्हणाली, "पर थापनारं कुनी तितं पायजेच की."

बाई म्हणाल्या, साखर सांभाळा, रोज पाय तपासा.

म्हणून ती मोजणी. आठ महिने ती रोज दहापैकी दहा. शेवटी मला, शेजारच्या पोरीला, राहवलं नाही.

"काशम्मा, हात तुमचाच, पाय तुमचाच. वात कुटं लावली ते हाताला ठाऊक असतंय की! पेपर काढनारी तुमी, सोडवनारीबी तुमीच."

तिचा चेहरा उतरला. वातीकडं बघत म्हणाली, "दुसरं कोन हाय हितं लावाया?"

मी आपला शिवकुमारदादाचा आवाज काढला, "आई, प्रॅक्टिकल हो." एरवी खदखदून हसते. हसली नाही. पदर डोळ्यांवर ओढला, पाय पुढं केले.

"लाव तू. एक जरी चुकलं तर पुण्याला जाते."

"शेवटच्या बोटाला चुकनार तुमी. पैज!"

"हरलीस तर रोज सकाळी तू यायचं. सुट्टीलाबी."

नऊ बोटं बरोबर आली. सावकाश, पण आली. राहिली उजवी करंगळी. मी लबाडी केली, वात गुपचूप पुन्हा अंगठ्यालाच लावली. तिनं सगळी बोटं एकदा आखडून सोडली. मला वाटलं, संपलं.

"करंगळी ऱ्हायली की गं, चोरटे. अंगठ्याला दुसऱ्यांदा लावलीस."

आज रविवार. आठ वाजलेत. वात कुठं ठेवली कोण जाणे, आणि पलीकडून हाक येतेय.