पाहुण्यांचे टाके

बेटावर पाहण्यासारखं फार नाही. दीपगृह, जुन्या तटाची भिंत आणि शीडवाल्या मावशींची खोली. पाहुण्यांना मी याच क्रमाने फिरवते. भिंतीपाशी ते जांभया देतात. मावशींच्या खोलीतून मात्र लवकर हलत नाहीत.

खोलीत सामान असं नाहीच. मेण लावलेला दोरा, दाभण, आणि दाभण रेटायला तळहातावर बांधायची चामड्याची पट्टी. शीड उलगडलं की माणसांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं. मावशी मधोमध मांडी घालून बसतात. त्यांचे वडीलही इथेच बसत. बेटावर शिडं शिवणाऱ्या आता त्या एकट्याच.

पाहुण्यांनाही त्या चार टाके घालू देतात. फोटो निघतात. "हात चांगला आहे हो तुमचा," असं मावशी प्रत्येकाला सांगतात. पाहुण्यांची लाँच सुटली की मावशी ते सगळं उसवतात आणि पुन्हा शिवतात. दोऱ्याचे तुकडे जमिनीवर पडतात. ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी झाडून काढते. आमची मैत्री केरसुणीपासूनच सुरू झाली.

त्या सकाळी मी केरसुणी घेतली. जमीन स्वच्छ होती.

"मावशी, तुम्हीच झाडलंत वाटतं?"

"मी कशाला झाडू? तू आहेस की फुकटची."

"मग कालचे दोरे कुठायत?"

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. मग दाराकडे.

काल पाहुण्यांतल्या एका आजींना चक्कर आली होती. मावशी त्यांना धरून धक्क्यापर्यंत आल्या होत्या. शीड तसंच कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं राहिलं. पहाटे अंधारात त्यांचा भाऊ येऊन ते आपल्या होडीसाठी घेऊन गेला होता. आता तो समुद्रात होता. तिथे फोन लागत नाही.

भाऊ पंचेचाळिशीचा. तरी बेटभर तो धाकटाच. आई गेल्यावर मावशींनीच त्याला वाढवलं.

"उसवले असतील मी," मावशी म्हणाल्या. "सवयीने हात चालतात." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "संध्याकाळी मी बसले होते का गं इथे?"

मला माहीत नव्हतं.

दुपारी वारा उठला. आम्ही धक्क्यावर गेलो. एकेक होडी परतत होती. लांबवर शीड दिसलं की मावशी उठायच्या, डोळे बारीक करायच्या, पुन्हा बसायच्या.

"मावशी, आज आमच्या स्वागताला? हार कुठाय?" एक होडीवाला ओरडला.

"धाकटा दिसला का रे?"

"मागेच होता की. त्याला काय होतंय! समुद्रसुद्धा वैतागून परत आणून टाकेल त्याला."

सगळे हसले. मावशींनी माझं मनगट धरलं. त्यांचा तळहात लाकडासारखा. दुखत होतं. मी हात सोडवून घेतला नाही.

"वरच्या शिवणीला घातले टाके पाहुण्यांनी," त्या पुटपुटल्या. "सगळा ताण तिथेच येतो. मीच दिली ती शिवण. त्यांतली एक बाई म्हणाली, फोटोला इकडे उजेड बरा आहे."

सगळ्या होड्या धक्क्याला लागल्या. धाकट्याची नाही. होडीवाल्यांचे विनोद थांबले. लाँच काढायची का, असं ते आपसात बोलू लागले.

तेवढ्यात दीपगृहाच्या खडकाआडून त्याची होडी निघाली. डोलकाठी उघडी होती. मावशींची पकड सुटली. मी वल्ही हलताना पाहिली आणि "आहे तो!" म्हणून ओरडले. त्यांना काही ऐकू गेलं नसावं.

धाकटा धक्क्यावर चढला तो धापा टाकतच. हातांची सालटी निघाली होती.

"ताई, हे काय शिवलंयस?"

मावशींनी त्याचे सोललेले हात पाहिले.

"लांब गेल्यावर वर नजर गेली. तुझे टाके मी लहानपणापासून बघतोय. हे वाकडेतिकडे. लगेच शीड उतरवलं. तेव्हापासून वल्ही मारतोय." त्याचा आवाज चढला, मग एकदम बसला. "मला वाटलं, तुझा हात गेला. सगळ्या वाटेत तेच डोक्यात. ताईचा हात गेलाय आणि ती मला सांगत नाही."

"पाहुण्यांचे होते रे. उसवायचे राहिले."

"तू विसरलीस?"

"हो."

"तू?"

त्याने मावशींचा उजवा हात ओढून घेतला. उलटासुलटा करून पाहिला. आजूबाजूला माणसं होती, त्याला पर्वा नव्हती.

"मूठ वळ."

"वेडा आहेस का?"

"वळ म्हणतो ना."

मावशींनी मूठ वळली. बोटं थरथरत होती. ती त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरली.

"हे कधीपासून?"

"आजपासून. तुझ्यामुळे," मावशी म्हणाल्या. "सकाळपासून जीव टांगणीला लावलास. थरथरेल नाहीतर काय?"

धाकट्याने मान डोलावली. हात मात्र सोडला नाही. बोटं थांबण्याची वाट पाहत तो तसाच उभा राहिला. मीही.