शिवेवरचा नारळ

जर्मनची लढाई मिटून चार वर्षं झाली, तरी कर्जतकडच्या आमच्या दोन गावांची काही मिटेना. पळसदरीच्या बाजूला माझं माहेर, अलीकडे सासर आणि मध्ये गवताचा माळ. शीव माळाच्या या टोकाला की त्या, यावरून कापणीला विळे उगारले गेले. सरकारी मोजणीदार साखळी ओढून गेला, त्याचं माप कुणालाच पटलं नाही. माझे सासरे गावचे पाटील. त्यांनी सांगून टाकलं, वाद मिटेपर्यंत त्या गावाशी येणंजाणं बंद.

मला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमची रीत. पण भाऊ न्यायला येणार कसा? आई तिकडे डोळे लावून बसलेली आणि मी इथं अडकलेली, कशापायी, तर गवतापायी! माझं पित्तच खवळलं.

दोन्ही गावं बोलणी करायला माळावर जमली, त्या दिवशी मी पदर सावरला आणि निघाले. जावेनं हात धरला, "अगं, माघारी फिर गं!" मी कुठली ऐकतेय?

आमच्यात नवरीची गाडी शीव ओलांडते तेव्हा नारळ फोडतात, बाहेरची बाधा गावात शिरू नये म्हणून. माझ्या वेळी दोन्हीकडची माणसं हजर होती आणि तेव्हा भांडणाचा मागमूस नव्हता. माळाच्या मधोमध काटेसावर आहे, तिथं जाऊन मी उभी राहिले.

"मामंजी, माझ्या वरातीचा नारळ तुमी कुठं फोडलात?"

सासऱ्यासमोर सुनेनं चारचौघांत आवाज काढायचे ते दिवस नव्हते. मामंजी पेचात पडले. "हितं" म्हणावं तर अर्धा माळ जातो. "हितं नाय" म्हणावं तर नारळ चुकीच्या जागी फुटला, म्हणजे सून आणि पोटातलं पोर दोघंही बाधेच्या तोंडी. पलीकडच्या माणसांत उभ्या माझ्या भावाचंही तोंड उतरलं. वरातीची गाडी त्यानंच हाकली होती.

"हितंच," सासरे म्हणाले. "माज्याच हातानं."

"खरं हाय," भाऊ पुटपुटला.

तिथंच शिवेचा धोंडा पुरला.

पुढच्या आठवड्यात भाऊ गाडी घेऊन आला, तो धोंड्यापलीकडे थांबला. सासरे मला पोचवायला आले, ते अलीकडे थांबले. कुणी पाऊल पुढं टाकीना, धोंड्याला एवढा मान! मग मीच पोट सांभाळत एकटी गेले आणि गाडीत चढले. आता आई दिसणार म्हणून डोळे भरून आले.

मागून सासरे ओरडले, "जपून हाक रं, आमचा नातू हाय!"

"आमचा भाचा हाय!" भाऊ उलट ओरडला.

"दोघंबी गप ऱ्हावा," मी म्हणाले. "पोर माझं हाय."